साहेबांचं अंथरूण

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही खरं तर मापांची. कुणाच्या कपाटाची उंची, कुणाच्या खिडकीची रुंदी. आज जे माप घेतलं ते त्या रांगेत बसेना, म्हणून वही उलटी करून मागच्या बाजूने लिहितोय.

लांबी तीन फूट, रुंदी दीड, उंची दीड. समोर दोन सरकत्या काचा, मागे हवेसाठी जाळी. राहणार कोण, तर एक पाल.

पाल म्हटलेलं घरात चालत नाही. गेको म्हणायचं. अंगभर बिबट्यासारखे ठिपके, शेपूट मुळ्यासारखी जाड, आणि भिंतीवरच्या पालीला नसतात तशा पापण्या. त्या इतक्या सावकाश मिटतात की आपला अर्ज नामंजूर झाला असं वाटतं. म्हणून मी त्याला 'साहेब' म्हणायला लागलो. पोरगी तेव्हा हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी आईला सांगत होती, "साहेब जेवले."

पोरगी म्हणजे हिची मुलगी, वय पंधरा. हिचं नि माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली. पोरगी मला काका म्हणते, दार उघडते, पाणी देते, मार्क विचारले तर सांगते. तक्रारीला जागा नाही. पाहुण्याशी आपण जसं वागतो तसं ती वागते. पाहुणा जायचं नाव घेत नाही, एवढीच तिची अडचण असावी.

साहेब सध्या काचेच्या जुन्या टाकीत राहतात. त्यात त्यांना धड वळता येत नाही. मी सुतार माणूस, मला ते बघवेना. म्हटलं घर मी बांधतो. ती म्हणाली, "चालेल." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पेटी उभी राहिली. कडा गोल केल्या, खिळा एकही नाही. आता प्रश्न अंथरुणाचा.

जुन्या टाकीत पिवळी वाळू आहे. दुकानदाराने पोरीला विकली, पिशवीवर वाळवंटाचं चित्र, वर 'सुरक्षित' असं छापलेलं. ती म्हणते, रातकिडा पकडताना वाळूही पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. सहा महिने तीच घातली याचा तिला आता घोर लागलाय. तिने शोधून वहीत यादी केलीये. कागदी टॉवेल, फरशी, पाटीचा सपाट दगड. तिचा कल कागदाकडे.

मी म्हटलं, "एवढी चांगली पेटी आणि आत कागद? साहेब काय वडापच्या जीपच्या थांब्यावर झोपलेत का?"

"कागद स्वच्छ असतो. रोज बदलता येतो."

"त्यापेक्षा रंध्याचे छिलके देतो. मऊ, हलके. आपल्याच कारखान्यातले."

तिने यादीत बोट फिरवलं. "चीड, म्हणजे पाइन, चालत नाही असं लिहिलंय."

"चीड? मी चिडीच्या लाकडाला हात लावत नाही."

हे शंभर टक्के खरं आहे. पॅकिंगच्या खोक्यांची कामं मी वीस वर्षांपूर्वी सोडली. ती वही मिटून म्हणाली, "बरं. तुम्हाला लाकडातलं कळतं."

८ फेब्रुवारी, शनिवार

आज गृहप्रवेश झाला. चौकातल्या आजीबाईंनी गरम कपड्यांसाठी देवदाराची पेटी सांगितली आहे, त्याच फळ्यांचे छिलके घेतले. देवदारासारखं लाकूड नाही. रंधा फिरवला की कारखानाभर असा वास सुटतो की जेवण सुचत नाही. शिवाय कसर, वाळवी, झुरळ, काही म्हणून त्याच्या वाऱ्याला उभं राहत नाही. हलक्या लाकडाचे छिलके कुणीही देईल. म्हटलं, द्यायचं तर उत्तम द्यावं.

तीनदा चाळले. धूळ नको म्हणून शेवटी हातानेच निवडले, तांदूळ निवडतात तसे. तीन इंचांचा थर घातला. साहेब पाय उचलून उचलून चालले. पोरीने वाकून वास घेतला आणि म्हणाली, "मस्त वास आहे."

मी इतका खूश झालो की चहा दोनदा प्यायलो.

९ फेब्रुवारी, रविवार

पोरीच्या मैत्रिणी पेटी बघायला आल्या होत्या. मी बाहेर काच पुसत होतो, आतलं ऐकू आलं. ती सांगत होती, "सांधा कुठाय शोधून दाखव." मैत्रिणींना सापडला नाही. मला पेटीबद्दल स्वतः काहीच बोलली नाही. असो.

एक चांगली गोष्ट दिसली. काल सोडलेल्या रातकिड्यांपैकी तीन साहेबांनी खाल्ले नाहीत, ते सकाळी छिलक्यात मरून पडले होते. वाळूत असताना न खाल्लेले रातकिडे दोन-दोन दिवस उड्या मारायचे आणि साहेबांची शेपूट कुरतडायचे. हा त्रास आपोआप मिटला. लाकडाचा गुण.

खालची गरम पट्टी चालू केली की वास जास्त खुलतो. पोरीच्या खोलीचं दार उघडलं तरी कळतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी आज काही खाल्लं नाही. नवीन जागा आहे, रुळायला वेळ लागणारच. मला या घरात किती लागला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब जेवत नाहीत. दिवसभर पाण्याच्या वाटीत हनुवटी टेकून बसतात. डोळे अर्धे मिटलेले. आज संध्याकाळी पोरगी कारखान्यात धावत आली. याआधी ती इकडे कधी आली होती ते मला आठवत नाही. "काका, चला लवकर."

साहेबांचं तोंड उघडं होतं. श्वासाबरोबर सबंध अंग वरखाली होत होतं, आणि नाकपुडीवर मोहरीएवढा बुडबुडा यायचा नि फुटायचा.

"माझी वाळू," ती म्हणाली. "वाळू अडकली पोटात. मला माहीत होतं, तरी मी लवकर बदलली नाही."

मी म्हटलं, "तसं काही नसेल, उद्या डॉक्टरांकडे जाऊ." ती काचेला कपाळ टेकून बसली. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. अजून तो हक्क आपला नाही असं वाटतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्राण्यांच्या डॉक्टर म्हणजे एक चटपटीत बाई, चष्मा डोक्यावर ठेवून सगळीकडे शोधणाऱ्या. सरपटणाऱ्यांवर इलाज करणाऱ्या शहरात त्या एकट्याच. बाहेर बाकावर आमच्या शेजारी एक मांजर आणि एक पोपट होता. आमच्या डब्यात काय आहे हे कळल्यावर मांजरवाल्या बाई पलीकडच्या बाकावर गेल्या.

एक्स-रे काढला. पोटात वाळू दिसली. पांढऱ्या ठिपक्यांची एक रेघ, पोरगी तिच्याकडेच बघत राहिली. डॉक्टर म्हणाल्या, "वाळू आहे थोडी. छातीही बरी नाही. दोन्ही बघू." इंजेक्शन दिलं. तीन दिवसांनी पुन्हा यायचं, असे सहा वेळा.

मग त्यांनी विचारलं, "आता खाली काय घातलंय?"

मी म्हटलं, "लाकडाचे छिलके."

"कुठलं लाकूड?"

माझ्याआधी पोरगीच बोलली. "चीड नाहीये. काका सुतार आहेत. त्यांनी स्वतः निवडून दिलेत, तीनदा चाळून."

दोन वर्षांत माझी बाजू घेऊन तिला कुणाशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला तेव्हाच 'देवदार' म्हणता आलं असतं, एकच तर शब्द होता.

डॉक्टर म्हणाल्या, "ते आजच्या आज काढा, कागद घाला. आणि त्यातले मूठभर मला आणून दाखवा."

घरी येऊन सगळं उपसलं. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, ती इतकी वर्षं मी नुसती ऐकत होतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पोरगी शाळेत गेल्यावर पिशवी घेऊन एकटाच गेलो. डॉक्टरांनी पिशवी उघडली, वास घेतला आणि लगेच गाठ मारली.

"हे पेटीचं लाकूड ना? माझ्या आईकडे होती अशी पेटी. कधी कसर लागली नाही."

"लागायचीच नाही," मी म्हटलं. धंद्यातली गोष्ट निघाली की माझी जीभ सैल सुटते. "देवदारात तेल असतं. त्याचा वास इतका उग्र की कीड गुदमरून..."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. डॉक्टरांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि पुसायला लागल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं, न रागावता. चीड आणि देवदार दोन्ही वर्ज्य. त्या तेलाची वाफ लहान फुप्फुसांना सोसत नाही. बंद पेटी, खालून ऊब, म्हणजे वाफ आणखी. आणि तो जीव पोटावर झोपणारा, नाक सतत त्याच्यातच. वाळूचं काय, विचारलं. म्हणाल्या, "ती इतकी थोडी आहे की बाहेर पडून जाईल. वाळूने एवढं झालं नसतं."

मी विचारलं, "मुलीला तुम्ही सांगाल का?"

"मी औषध देते. सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

पंचेचाळीस वर्षं लाकडात काढली. कसर का मरते ते मला माहीत होतं. ते तीन रातकिडे का मेले ते मी याच वहीत लिहून ठेवलंय, आणि खाली 'लाकडाचा गुण' अशी शाबासकीही दिलीये. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, कारण पलीकडच्या बाजूला एका गिऱ्हाइकाचं माप आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सांगणार होतो.

शाळेतून आल्यावर तिने पेटीच्या काचेवर एक कागद चिकटवला. साहेबांचं वजन, औषधाच्या तारखा, आणि वरती ठळक अक्षरात: 'वाळू सहा महिने. चूक माझी. पुन्हा कधीही नाही.'

मी म्हटलं, "एवढं कशाला लिहायचं?"

ती म्हणाली, "विसरू नये म्हणून."

साहेब कागदी टॉवेलवर पडून होते. वजन आणखी तीन ग्रॅमने उतरलंय. अशा वेळी सांगून तिचा जीव आणखी कशाला घाबरा करायचा, असं मी मनाशी म्हटलं. लिहिल्यावर लक्षात येतंय की जीव माझाच घाबरा होता. साहेब गेले आणि मी सांगितलेलं नसलं, तर ती जन्मभर त्या वाळूचं ओझं वाहील. आणि सांगितलं, तर ती मला पाहुणासुद्धा मानायची नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिला सांगितलं. ही हॉस्पिटलात रक्त तपासायच्या खात्यात आहे, वाईट बातमी ऐकायची तिला सवय. भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "तू सांग तिला. तुझ्याकडून ऐकलं तर तिला कमी लागेल."

"तिला कमी लागेल की तुम्हाला?"

मी ओट्यावरच्या शेंगा सोलायला घेतल्या.

"मी निरोप्या नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं तुम्हा दोघांचे निरोपच पोचवतेय. काकांना विचार, तिला सांग. हा निरोप मी नेणार नाही." आणि मग जरा खालच्या आवाजात, "ती तीन रात्री रडतेय. मला कारण माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी तुम्हाला तिच्यापुढे उभं केलं असतं."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी, ती बुटाची नाडी बांधत असताना. वेळ चुकीची होती, पण संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा कच खाल्ली असती. म्हटलं, "साहेबांना वाळूने झालेलं नाही. माझ्या छिलक्यांनी झालंय. ते देवदाराचे होते. तू चिडीचं विचारलंस, मी चीड नाही एवढंच सांगितलं. देवदार चालतो का, हे मी कुणालाच विचारलं नाही. मला वाटलं, मला कळतं."

तिने नाडी बांधून पूर्ण केली. मग विचारलं, "कधीपासून माहिती आहे?"

"सोमवारपासून."

तिने बोटांवर मोजलं. "चार दिवस. मी तो कागद लावला तेव्हा तुम्हाला माहिती होतं."

"हो."

"तुम्ही समोर उभे होतात."

"हो."

ती दार न आपटता गेली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी संध्याकाळी बघितलं, काचेवरच्या कागदावरून वरची ओळ कापून काढली होती, कात्रीने, सरळ. बाकी तारखा तशाच.

दिवसभर एकही फळी सरळ कापली गेली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सात दिवस झाले. इंजेक्शनला ती आईबरोबर जाते. मी विचारलं तर उत्तर देते, पण ते 'हो' नाहीतर 'नाही'. पूर्वीचा 'चालेल'सुद्धा आता श्रीमंती वाटते. माझी चूक आहे, तेव्हा वाईट वाटून घ्यायचाही हक्क नाही, पण वाटतं.

आज सकाळी कारखान्यातून आत आलो तर ओट्यावर चहा झाकून ठेवलेला होता. हिने जाताना ठेवला असणार. ही सातला घरातून निघते, मी नऊला प्यायलो तरी चांगला गरम होता. नवीन झाकणी चांगली आहे.

२ मार्च, रविवार

साहेबांनी एक रातकिडा खाल्ला! मला कुणी सांगितलं नाही, भिंतीपलीकडून पोरीची आरोळी ऐकू आली, "खाल्ला!" मी रंधा खाली ठेवून तिथेच स्टुलावर बसलो. चांगला अर्धा तास बसलो असेन.

नाकावरचा बुडबुडा गेलाय म्हणे. ही म्हणाली, पोरीनेच सांगितलं, "काकांना सांग." म्हणजे निरोप्याची नोकरी पुन्हा सुरू झाली. ही कुरकुरली, पण आनंदाने.

९ मार्च, रविवार

दुपारी पोरगी कारखान्यात आली. हातात वही, पेन आणि चिकटपट्टीचं भेंडोळं.

"तुमच्याकडची सगळी लाकडं दाखवा."

दाखवली. प्रत्येकापुढे उभी राहून ती नाव विचारायची, पट्टीवर लिहून चिकटवायची. साग. शिसव. आंबा. बाभूळ. देवदाराशी आली तेव्हा मीच आधी म्हटलं, "हा तो." तिने नाव लिहिलं, खाली रेघ मारली. माझ्या कारखान्याची अशी झडती आजवर कुणी घेतली नव्हती. दोन तास चालली. मला एकदाही बस म्हणाली नाही, आणि मीही बसलो नाही. शेवटी तिने विचारलं, "यातलं कुठलं साहेबांना चालेल असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तिने मान वर करून बघितलं. मग तेही वहीत लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

"लाकूड नकोच," ती म्हणाली. "पाटीचा दगड. आधी डॉक्टरांना विचारू."

१६ मार्च, रविवार

डॉक्टरांनी होकार दिला. ओळखीच्या गवंड्याकडून पाटीच्या दगडाचे तुकडे आणले. लाकडाचा माणूस मी, दगडाला माझं पाणी दाखवायला गेलो तर पहिलेच दोन फुटले. पोरगी म्हणाली, "हळू घासा, पाणी लावून." तिने कुठेतरी बघितलं होतं. मी घासायचे, तिने कडेवरून बोट फिरवायचं, टोचलं तर परत माझ्याकडे. अकरा तुकड्यांपैकी सात परत आले.

खाली फट राहू दिली नाही, नाहीतर रातकिडे लपतात. गरम पट्टीच्या बाजूला दगड पातळ घेतला, म्हणजे पोटाला ऊब मिळेल. एका कोपऱ्यात ओल्या कागदाचा डबा, कात टाकायला. वासाला काही नाही, दिसायला एखाद्या अंगणासारखं. माझ्या हातचं सगळ्यात साधं काम असेल.

साहेब आले, दगडावर पोट टेकून आडवे झाले आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. या खेपेला अर्ज मंजूर वाटला. वजन पूर्वीच्यापेक्षा अजून चार ग्रॅम कमी आहे. एक फुप्फुस जन्मभर जरा नाजूकच राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. ते मी केलंय आणि ते दगडाने भरून निघणार नाही.

३० मार्च, रविवार

पोरीच्या शाळेची सहल आहे, पाच दिवस. जेवताना विषय निघाला की साहेबांचं काय करायचं. हिची ड्यूटी लांबलेली. ही म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीकडे ठेवू या का? तिच्याकडे कासव आहे, तिला सगळं कळतं."

मी ताटात बघत होतो. बरोबरच होतं. मीही हेच सुचवलं असतं.

पोरगी घास चावत म्हणाली, "नको. तिच्याकडे काही चुकलं तर ती लपवेल. तिचं कासव पडलं होतं ते तिने घरी अजून सांगितलेलं नाही. साहेब काकांकडे राहू देत. काका सांगतात."

घास गिळून, पाणी पिऊन तिने पुढे जोडलं, "उशिरा सांगतात. पण सांगतात."

ही माझ्याकडे बघायला लागली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "पाणी रोज बदलायचं का?"

"रोज," ती म्हणाली. "आणि एखाद्या दिवशी विसरलात, तर विसरलो असं लिहून ठेवा."